वायांग कुलितचा सहा बाहुल्यांचा संच पुण्यात वापरून पाहिला, त्याचा हिशेब

सहापैकी चार बाहुल्या खेळवण्याजोग्या, एक थोड्या दुरुस्तीनंतर चालेल अशी आणि एक सरळ परत पाठवण्याजोगी. मध्य जावाहून मागवलेल्या वायांग कुलितच्या, म्हणजे सावल्यांच्या खेळातल्या चामडी बाहुल्यांच्या, या संचाचा निकाल असा आहे. किंमत कुरिअर धरून ३४,००० रुपये, कस्टमचा भुर्दंड वेगळा. विक्रेता ऑनलाइन आहे. त्याचं नाव इथे देत नाही, कारण असे संच विकणारे बरेच आहेत आणि पारख करायची रीत सगळ्यांना सारखीच लागू पडते. संच मे ते जुलै असे तीन महिने पुण्यात वापरला. म्हणजे कडक कोरडी हवा आणि भर पाऊस, दोन्ही त्याने सोसलं.

संचात कायोन (पर्वत-झाडाचा फलक), वेर्कुदारा, अर्जुन, स्रिकांदी, सेमार आणि चाकिल अशा सहा आकृत्या आहेत. वेर्कुदारा म्हणजे आपला वृकोदर, भीम. स्रिकांदी म्हणजे शिखंडी, पण जावात ती शेवटपर्यंत बाईच राहते, अर्जुनाची बायको असते आणि भारतयुद्धात भीष्मांना तीच पाडते. द्रौपदीही तिथे एकट्या धर्मराजाची पत्नी. ज्या शहरात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, तिथे हे वाचून भुवया उंचावणारच. पण जावाचं महाभारतही काही काल-परवाचं नाही. तिथलं भारतयुद्धाचं जुनं काव्य ११५७ सालचं आहे, आणि त्यानंतरच्या शतकांत दालांगांनी, म्हणजे बाहुल्या खेळवत कथा सांगणाऱ्या सूत्रधारांनी, मूळ कथेला शेकडो फांद्या फोडल्या. सेमार आणि चाकिल ही मंडळी तर आपल्या महाभारतात नाहीतच.

खरेदीआधी एक गैरसमज दूर करून घ्यावा, कारण बहुतेकांची निराशा तिथेच होते. आंध्रच्या तोलु बोम्मलाटात कातडं पातळ आणि रंग पारदर्शक असतात, म्हणून पडद्यावर लाल-हिरव्या रंगीत सावल्या पडतात. जावाच्या बाहुलीवर दोन्ही बाजूंनी जाड, अपारदर्शक रंग आणि सोनेरी थर असतो. तिची सावली काळी पडते आणि त्या काळ्यात दिसतं ते फक्त छिद्रांचं जाळीकाम. मग एवढा रंग कशासाठी? तर प्रेक्षक पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसू शकतात, आणि दालांगच्या बाजूने बसणाऱ्यांना रंगीत बाहुल्याच दिसतात. हल्ली जावातही बरेच प्रेक्षक त्याच बाजूला बसतात. तरीही बाहुलीची परीक्षा सावलीतच होते. विक्रेते फोटो काढतात ते सोन्यावर झोत टाकून. त्यांच्याकडे मागायचा तो पाठीमागून दिवा धरून काढलेला फोटो. देत नसतील तर पुढे जावं.

आता कातडं. कुलित म्हणजे कातडंच. चांगली बाहुली म्हशीच्या कातड्याची असते. ते कमावलेलं नसतं, म्हणजे चप्पल-पट्ट्याच्या चामड्यासारखं नव्हे. भिजवून, चौकटीवर ताणून, दोन्ही बाजूंनी खरवडून उन्हात वाळवलेलं असतं. ढोलाच्या किंवा हलगीच्या पानाशी याचं नातं अधिक जवळचं. नखाने टिचकी मारली की कोरडा, खणखणीत आवाज यावा. पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची नक्कल बद्द वाजते. कडेला रंग नसलेली जागा शोधून ती उजेडासमोर धरावी. खरं कातडं मधाच्या रंगाचं, थोडं ढगाळ दिसतं, आणि त्याची जाडी जागोजागी किंचित बदलते. एकसारखी पांढरट पारदर्शकता दिसली तर संशय घ्यावा. या संचातल्या सहाही बाहुल्या खऱ्या कातड्याच्या आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार जाडीबद्दल आहे. स्रिकांदीचं कातडं कमरेशी जाड आणि डोक्याशी फारच पातळ आहे, त्यामुळे हलवताना मान डुलते. कातडं निवडताना कारागीर मोठ्या आकृतींना जाड आणि नाजूक आकृतींना पातळ भाग काढतो. इथे उरलेल्या तुकड्यात आकृती बसवलेली दिसते.

कोरीवकामाला जावात तातह म्हणतात, रंगकामाला सुंगिंग. तातहसाठी वेगवेगळ्या रुंदीच्या आणि वळणांच्या छिन्न्यांचा संच लागतो, आणि प्रत्येक छिद्र लाकडी हातोडीने ठोकून पाडलेलं असतं. छिद्रांच्या ओळींना नावं आहेत. बारीक ठिपक्यांची ओळ ती बुबुकान, रेघा-रेघांची ती त्रातासान आणि नाकतोड्याच्या दातांसारखी ती उंतु वालांग. मोबाइलचा टॉर्च बाहुलीच्या मागे चार बोटांवर धरून भिंतीवर सावली पाडावी आणि दागिन्यांचे भाग बघावेत: बाजूबंद, कानामागचा पिसारा, कमरेचं वस्त्र. हाताने कोरलेल्या ओळीत अंतरं जवळपास सारखी, पण अगदी एकसारखी नसतात, आणि छिद्राची कड धारदार दिसते. साच्याने छापलेलं असेल तर कड दाबली गेल्यासारखी गोलसर असते आणि तीच चूक ओळीत पुन्हा पुन्हा येते. रंग छिद्रांत भरला गेला असेल तर सावलीत ती जागा आंधळी होते. हा दोष स्वस्त कामात सर्रास आढळतो, कारण दुसरा-तिसरा रंगाचा हात देताना छिद्रं पुन्हा मोकळी करायला वेळ लागतो. या संचात अर्जुनाच्या कमरेच्या वस्त्रावर अशी अकरा छिद्रं बुजलेली होती. बारीक सुईने, मागून पुढे, न फिरवता टोचली की मोकळी होतात. सुई फिरवली तर कडेचा सोनेरी थर उडतो.

सोन्याबद्दल वर्णनात "सोनेरी मुलामा" एवढंच लिहिलेलं होतं. हा शब्द फसवा आहे. खरा सोन्याचा वर्ख म्हणजे प्रादा, आणि पितळी पूड म्हणजे ब्रोम. या किमतीत ब्रोमच मिळणार, त्यात गैर काही नाही. पण ब्रोम हवेने हळूहळू काळवंडतो, विशेषतः जिथे बोटं लागतात तिथे. घामट हाताने पकडलेल्या सेमारच्या पोटावर दोन महिन्यांत तपकिरी डाग आले. सुंगिंगचं खरं कसब सोन्यात नसून एकाच रंगाच्या चढत्या छटांत असतं. फिक्या गुलाबीपासून गडद लालपर्यंत चार-पाच पायऱ्या, प्रत्येक पायरी रंगाचा वेगळा हात देऊन. वेर्कुदाराच्या वस्त्रावर या पायऱ्या स्वच्छ दिसतात. चाकिलवर तीनच आहेत आणि त्यातल्या दोन एकमेकींत मिसळल्या आहेत.

सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे मूठ आणि कणा. बाहुलीच्या पायाखालून डोक्यापर्यंत जाणारी ही काठी, गापित, चांगल्या कामात म्हशीच्या शिंगाची असते. शिंग आचेवर मऊ करून आकृतीच्या वळणाप्रमाणे वाकवतात, उभं चिरतात आणि दोन फाकांच्या मध्ये कातडं धरून ठिकठिकाणी दोऱ्याने शिवतात. खालचं टोक अणकुचीदार असतं, कारण ते केळीच्या खांबात खोचायचं असतं. शिंग ओळखायची सोपी खूण म्हणजे उजेडासमोर धरल्यावर पातळ भागात तपकिरी-मधाळ शिरा दिसतात. प्लास्टिकला साच्याची शिवण असते आणि उजेडात ते एकरंगी दिसतं. बांबूची मूठही चालते, पण ती आकृतीच्या पाठीचं वळण घेत नाही, सरळच राहते. मग कातडं तिच्याभोवती ओढलं जातं आणि वर्षभरात शिवणीच्या छिद्रांपाशी फाटतं.

तोल बघायचा तर बाहुली मुठीत धरून अगदी सैल सोडावी. ती हातात फिरली नाही, तर गापित बरोबर बसवलेलं. पुढे झुकली, तर कणा मागे गेलेला, आणि अशी बाहुली पंधरा मिनिटांत मनगट दुखवते. वेर्कुदारा इथे पहिल्या नंबराने पास. चाकिल पुढे पडतो. स्रिकांदी फिरते.

हातांच्या काठ्यांना तुदिंग म्हणतात. त्या तळव्याला दोऱ्याने बांधलेल्या असतात, आणि खांदा व कोपर असे दोन सांधे असतात. बाहुली आडवी धरून हात वर नेला आणि सोडला तर तो स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे. अडकला तर सांधा घट्ट आहे. इथे बहुतेकांना तेल घालायचा मोह होतो. घालू नये. कातडं तेल पितं, त्या जागी पारदर्शक डाग पडतो आणि वरचा रंग सुटू लागतो. सांधा हळूहळू दोन्ही दिशांनी शंभरेक वेळा हलवला की सैल होतो. तरीही नाही झाला तर गाठ कापून नवीन मेण लावलेला दोरा ओवावा, मध्ये नखाएवढं अंतर ठेवून.

आता एकेक बाहुली.

कायोन, म्हणजे गुनुंगान. पर्वत आणि झाड यांचा मिळून झालेला हा पानाच्या आकाराचा फलक खेळाच्या सुरुवातीला आणि शेवटी पडद्याच्या मधोमध रोवतात, प्रवेश बदलताना हलवतात, आणि तोच वारा, आग, समुद्र, जंगल असं काहीही होतो. संचातला कायोन महाद्वाराच्या नक्षीचा आहे. दाराशी दोन गदाधारी राक्षस, वर झाड, झाडाशी वाघ आणि रानबैल. मागची बाजू लाल ज्वाळांची. उंची ७८ सेंटिमीटर, कोरीवकाम छान. एकच उणीव आहे. गापित टोकाच्या वीतभर आधीच संपतं, त्यामुळे वेगाने फिरवताना टोक फडफडतं आणि मेमध्ये ते एका बाजूला दीड सेंटिमीटर वळलं. शिंग अगदी शेंड्यापर्यंत बारीक होत गेलं असतं तर हे झालं नसतं.

वेर्कुदारा हा संचाचा खरा माल. ६८ सेंटिमीटर, पाय फाकलेले, गोल डोळा, चौकड्यांचं वस्त्र आणि अंगठ्याची लांब नखं. ही नखं हेच त्याचं शस्त्र, पंचनाका. जावाच्या भाषेत मोठ्यांशी बोलायची आदराची वेगळी तऱ्हा आहे, पण हा भीम देवापासून राजापर्यंत जवळजवळ सगळ्यांशी अरे-तुरेतच बोलतो, आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नाही. घरी मुलांसमोर खेळ करताना एवढं लक्षात ठेवलं तरी त्याचा आवाज आपोआप सापडतो. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या मनःस्थितींच्या बाहुल्या असतात, त्यांना वांदा म्हणतात. भीमाचा लिंधु, म्हणजे भूकंप, हा वांदा युद्धासाठी. या संचात कोणता आहे ते माहितीपत्रकात लिहिलेलं नाही. जाणकाराला विकायचं असेल तर ते लिहायला हवं होतं.

अर्जुन ४६ सेंटिमीटर, काळा चेहरा, सोनेरी अंग, भाताच्या दाण्यासारखा डोळा, झुकलेली मान. चेहऱ्याचं कोरीवकाम सर्वांत नाजूक असतं. नाकाच्या रेषेत जरा चूक झाली की अर्जुन मख्ख दिसतो. इथे तो देखणा उतरला आहे. फक्त बुजलेली छिद्रं मोकळी करावी लागली. दोष एवढाच, की हा सोलो शहराच्या धाटणीचा, उंच-सडपातळ आहे, आणि वेर्कुदारा जोग्याच्या, म्हणजे योग्यकार्ता शहराच्या धाटणीचा, रुंद आणि भरदार. शेजारी शेजारी खोचले की दोन वेगळ्या नाटक कंपन्यांतले नट एका रंगमंचावर आल्यासारखं वाटतं. मागवताना "सगळ्या एकाच धाटणीच्या हव्यात" हे लेखी सांगावं.

स्रिकांदीने घोळ घातला. कातडं वाईट, तोल वाईट हे वर आलंच. पण मूळ चूक त्याहून मोठी आहे. जावाच्या बाहुल्यांत मानेचा कोन म्हणजे स्वभाव. खाली झुकलेला चेहरा लुरुह, म्हणजे शांत, विनयी. वर उचललेला चेहरा लान्याप, म्हणजे तडफदार, बोलकी, चटकन उत्तर देणारी. स्रिकांदी ही धनुष्य घेऊन लढणारी, तिचा चेहरा उचललेलाच असतो. या बाहुलीचा चेहरा थेट पायांकडे झुकलेला आहे. म्हणजे ही सुभद्रा आहे, जावातली सेम्बाद्रा. स्रिकांदीच्या नावाने तीच डब्यात भरली. वर पत्रकात तिला "राजपुत्र" म्हटलं आहे. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की दोघीही अर्जुनाच्याच बायका, खेळात चालून जातं. चालत नाही. भीष्मांसमोर ही मान खाली घालून उभी राहिली तर प्रसंगच उभा राहत नाही.

सेमार पोटाने, ढुंगणाने आणि कपाळावरच्या पांढऱ्या शेंडीने ओळखावा. पांडवांचा नोकर, आणि मुळात देव. सावली अगदी स्वच्छ पडते, मुलांना हाच सगळ्यांत जास्त आवडतो.

चाकिल हा पुढे आलेल्या खालच्या जबड्याचा, उड्या मारणारा राक्षस. बाकीच्या राक्षस-बाहुल्यांचा सहसा एकच हात हलतो, याचे दोन्ही हलतात, कारण याला लढाई करायची असते. जंगलात अर्जुनासारख्या नाजूक वीराशी त्याची झटापट होते आणि तो स्वतःच्याच क्रिसने, म्हणजे खंजिराने, मरतो, हा रात्रीच्या खेळातला ठरलेला प्रसंग. नव्या माणसाला हात बसवायला यासारखा धडा नाही. एका हातात अर्जुन अगदी कमी हालचालीने, दुसऱ्यात चाकिल जोरात. पण इथे चाकिलचा मागचा खांदा घट्ट शिवलेला आहे आणि सांध्याचं छिद्र तीन मिलिमीटर खाली पडलं आहे. दोरा बदलून चालता केला. छिद्र मात्र तसंच, त्यामुळे तो हात पुरता वर जात नाही.

आता पुण्यात याचा खेळ कसा लावायचा, कारण पत्रकात त्याबद्दल एक ओळ नाही. पडद्याला केलिर म्हणतात. घरी सहा फूट बाय साडेतीन फूट पुरतो. मांजरपाट घेऊ नये, तो पिवळट आणि जाड असतो, सावलीच्या कडा मऊ पडतात. मलमल फार विरळ, दिवा डोळ्यांत येतो. लक्ष्मी रोडवर मिळणारं साधं पांढरं सुती पॉपलिन बरोबर बसतं. कडेला लाल किंवा काळी पट्टी लावावी. ती केवळ शोभेसाठी नाही, नजर मध्ये ठेवायला तिचा उपयोग होतो. पावसात सुती कापड ढिलं पडतं, म्हणून चौकटीला खिळे न ठोकता नाड्या बांधाव्यात, म्हणजे पुन्हा ताणता येतं.

बाहुल्या खोचायला केळीचा खांब, देबोग. हे पुण्यात सगळ्यांत सोपं. सत्यनारायणासाठी आणि श्रावणात मंडईत केळीचे खांब मिळतातच. बारीक नको, निदान मनगटाच्या दुप्पट जाडीचा, ताजा आणि सरळ बघून घ्यावा. पडद्याच्या तळाशी आडवा बांधायचा. दोन-तीन दिवसांत तो मऊ पडतो आणि बाहुल्या कलू लागतात. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, म्हणून खाली जुनी चादर घालावी आणि खेळ संपला की प्रत्येक गापितचं टोक ओल्या नव्हे, कोरड्या फडक्याने पुसावं. खांब नसेल तर थर्मोकोल कामाचं नाही, दोनदा खोचलं की भोक मोठं होतं आणि करकर आवाज येतो. बोहरी आळीत पॅकिंगचा घट्ट पांढरा फोम मिळतो. तो तीन इंच जाडीचा घेऊन दोन थर बांधले की काम भागतं. पण केळीत खोचलेली बाहुली जशी किंचित डोलते, तशी फोममध्ये डोलत नाही.

पडद्याच्या उजवीकडे सद्गुणी आणि डावीकडे विरोधी पात्रं खोचून ओळी लावतात. दालांगच्या बाजूने बघितलेलं उजवं-डावं. सहा बाहुल्यांना ओळ कसली, पण सवय लागावी म्हणून अर्जुन उजवीकडून आणि चाकिल डावीकडूनच आणावा. मोठ्या खेळाच्या पेटीत दीडशे-दोनशे बाहुल्या असतात.

दिवा. पारंपरिक ब्लेन्चोंग हा खोबरेल तेलाचा दिवा दालांगच्या डोक्याच्या किंचित वर, पडद्यासमोर टांगलेला असतो, आणि त्याची ज्योत हलते म्हणून सावली श्वास घेते. आपल्याकडे लोक हौसेने समई ठेवतात. पाचही वाती लावल्या की पाच सावल्या पडतात आणि जाळीकाम गिचमिड होतं. एकच वात लावावी. विजेचा दिवा हवा असेल तर एलईडी ट्यूब किंवा पट्टी नको, त्यात ठिपक्या-ठिपक्यांचे अनेक दिवे असतात आणि प्रत्येकाची वेगळी सावली. एकाच बिंदूतून उजेड देणारा स्पॉट घ्यावा, पडद्यापासून दीड ते दोन फुटांवर. बाहुली पडद्याला टेकवली की सावली काटेकोर, दिव्याकडे आणली की मोठी आणि धूसर. राक्षस येताना, देव अंतर्धान पावताना हेच वापरतात. तेलाच्या ज्योतीजवळ बाहुली फूटभराच्या आत नेऊ नये. कच्चं कातडं उष्णतेने आक्रसतं, आणि एकदा आक्रसलं की पूर्ववत होत नाही.

हवेचा भाग मोठा आहे. पुण्यातल्या मेमधल्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते आणि जुलैत ८०-९० वर जाते. ढोल-ताशा पथकातल्या कोणालाही विचारा, चामडी पान याने काय करतं. उन्हात ताठ, पावसात ढिलं. म्हणून तर हलगी वाजवण्याआधी शेकतात. बाहुलीचं कातडंही असंच आकसतं-फुगतं, पण त्याला शिवलेलं शिंग त्या मानाने हलत नाही. मेमध्ये कातडं गापितभोवती वळतं, पावसात शिवण सैल होते. वळलेली बाहुली हाताने उलट वाकवून सरळ करू पाहिली की रंगाला बारीक तडे जातात. त्यापेक्षा मलमलच्या दोन थरांत गुंडाळून, दोन प्लायच्या फळ्यांमध्ये, वर चार-पाच किलो वजन ठेवून तीन दिवस ठेवावी. शिंग वाकलं असेल तर ते मेणबत्तीपासून वितभर दूर, सतत फिरवत कोमट करावं, बोटांनी सरळ धरावं आणि थंड होईपर्यंत सोडू नये. ज्योतीत धरलं तर जळक्या केसांचा वास येतो आणि शिंगाला फोड येतो.

बुरशी ही पावसाळ्याची. पांढरी भुकटी दिसली की ओल्या फडक्याने पुसायचं नाही, रंगाचा सरस विरघळतो. मऊ कोरड्या ब्रशने झटकून सावलीत वाऱ्यावर लावावी. जावाच्या राजवाड्यांतही जुन्या बाहुल्या अशाच ठरावीक मुदतीने बाहेर काढून वाऱ्यावर टांगतात. त्याला ङिसिस वायांग म्हणतात आणि त्यासाठी दर ३५ दिवसांनी येणारा मंगळवार-क्लिवोनचा दिवस धरतात (क्लिवोन हा जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला एक वार). आपण निदान पावसाळ्यात पंधरवड्याला एकदा तरी काढाव्यात. सिलिका जेलच्या पुड्या जून ते सप्टेंबर ठेवाव्यात आणि ऑक्टोबरनंतर काढून टाकाव्यात, नाहीतर उन्हाळ्यात त्याच कातडं वाजवीपेक्षा सुकवतात. डांबराच्या गोळ्या ठेवायच्याच तर कापडी पुरचुंडीत, रंगाला न टेकता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर ठेवणं हा बाहुली मारायचा हमखास मार्ग.

संगीताबद्दल थोडंच. संचाबरोबर पेन ड्राइव्हवर गामेलानचे, म्हणजे जावाच्या वाद्यवृंदाचे, तुकडे दिले होते, ते चांगले होते. लढाईसाठी साम्पाक आणि स्रेपेगान एवढे दोन हाताशी असले तरी काम होतं. पुण्यात घराघरांत पेटी असते, म्हणून सांगून ठेवतो: स्लेन्द्रो हे पाच स्वरांचं सप्तक ऐकायला भूपासारखं वाटतं, पण त्यातली अंतरं जवळपास सारखी असतात, त्यामुळे पेटीच्या कोणत्याही पट्टीत ते बसत नाही. पेटी लावलीत तर दोन्ही बेसूर वाटतील. दालांग बाहुल्यांच्या पेटीवर चेम्पाला नावाच्या लाकडी ठोकळ्याने ठोके देतो, आणि पायाने धातूच्या पत्र्या वाजवतो. ही दोन्ही संचात नाहीत. लाकडी खोक्यावर लाटण्याचा तुकडा पुरतो.

३४,००० रुपयांत घ्यावा का? भिंतीवर लावायचा असेल तर नाही. एकटा कायोन घ्या, तो भिंतीवर सगळ्यांत चांगला दिसतो. सोसायटीच्या गणपतीत वीस मिनिटांचा खेळ करायचा असेल किंवा शाळेत मुलांकडून करून घ्यायचा असेल, तर सहा सामान्य बाहुल्यांपेक्षा वेर्कुदारा, अर्जुन, चाकिल आणि कायोन अशा चारच, पण एका धाटणीच्या आणि शिंगाच्या गापितच्या, थेट कारागिरांच्या गावातून मागवाव्यात. जोग्याजवळ बांतुलमधलं पुचुंग आणि वोनोगिरीमधलं केपुहसारी ही या कामाची नावाजलेली गावं आहेत. मागवताना चार गोष्टी लिहून घ्याव्यात: धाटणी, वांदा, गापित कशाचं आणि पाठीमागून दिवा लावलेला फोटो. पहिल्यांदाच करून बघायचं असेल तर आधी कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन ठाकर मंडळींचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ बघून यावा. कातडं दिव्यासमोर कसं वागतं ते तिथे एका संध्याकाळी कळतं, आणि खर्च फक्त गाडीभाड्याचा.

बांधणी मात्र उत्तम होती. प्रत्येक बाहुली पातळ कापडात, मध्ये बांबूच्या चौकटी, वर लाकडी खोकं. एकाही तुदिंगला धक्का लागला नव्हता. चाकिलसाठी विक्रेत्याने दोरा आणि दोन जास्तीच्या काठ्या फुकट पाठवल्या, तीन आठवड्यांत पोचल्या. स्रिकांदी मात्र परत घेतली नाही. तिला आता सुभद्रा म्हणूनच खेळवलं जातं.